डी.फार्म केलं की नोकरी पक्की? कोर्स, एक्झिट परीक्षा, पगार आणि 'सर्टिफिकेट भाड्याने' देण्यातला धोका

बारावी सायन्सचा निकाल लागतो. मार्क जेमतेम असतात, नीट आणि सीईटीमध्ये काही जमलेलं नसतं. अशा वेळी घरात हमखास एक सल्ला येतो, "डी.फार्म कर, दोन वर्षांत मेडिकल टाकता येईल." नातेवाइकांपैकी कुणीतरी त्यात भर घालतं, "दुकान नाही टाकलं तरी सर्टिफिकेट भाड्याने लावता येतं, घरबसल्या पैसे."

या सल्ल्याचा पहिला भाग अर्धा खरा आहे. दुसरा भाग मात्र बेकायदेशीर आहे आणि त्यात करिअर कायमचं अडकू शकतं. त्यामुळे डी.फार्मला प्रवेश घेण्याआधी हा कोर्स नक्की काय देतो, नोकऱ्या कुठे आहेत आणि गणित कुठे चुकतं, हे समजून घ्यायला हवं.

'फार्मसी टेक्निशियन' भारतात असतो का?

गुगलवर औषध क्षेत्रातल्या नोकऱ्या शोधल्या की 'फार्मसी टेक्निशियन' हा शब्द सारखा दिसतो. हे पद मुख्यतः अमेरिका, कॅनडा यांसारख्या देशांतलं. तिथे फार्मासिस्ट वेगळा आणि त्याच्या देखरेखीखाली गोळ्या मोजणारा, लेबल लावणारा, स्टॉक सांभाळणारा टेक्निशियन वेगळा.

आपल्याकडच्या १९४८ च्या फार्मसी कायद्यात टेक्निशियनसाठी अशी वेगळी नोंदणी नाही. कायद्याला माहीत आहे तो 'नोंदणीकृत फार्मासिस्ट' आणि ही नोंदणी मिळवण्याची किमान पात्रता म्हणजे डी.फार्म, अर्थात औषधनिर्माणशास्त्रातली पदविका.

मग मेडिकलच्या काउंटरवर गोळ्या काढून देणारी मुलं कोण? त्यातली बरीच जण विक्रेते किंवा मदतनीस असतात. 'फार्मसी असिस्टंट' नावाचे कमी कालावधीचे कौशल्य कोर्सही चालतात. पण असा कोर्स केल्याने कुणी फार्मासिस्ट होत नाही. त्या सर्टिफिकेटवर दुकानाचं लायसन्स मिळत नाही आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं स्वतःच्या जबाबदारीवर देता येत नाहीत. कमी फीचा, कमी दिवसांचा कोर्स विकणारी संस्था ही गोष्ट सांगेलच असं नाही.

कायदा फार्मासिस्टला एवढं महत्त्व का देतो?

फार्मसी कायद्याचं कलम ४२ स्पष्ट आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध तयार करणं, मिसळणं किंवा देणं हे काम नोंदणीकृत फार्मासिस्टनेच करायचं. तसं झालं नाही तर तुरुंगवास आणि दंड अशी शिक्षेची तरतूद आहे. औषध नियम १९४५ मधला नियम ६५ सुद्धा हेच सांगतो. चिठ्ठीवरचं औषध फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिलं गेलं पाहिजे.

याचं कारण साधं आहे. नाव सारखं वाटणारी दोन औषधं पूर्णपणे वेगळ्या आजारांची असू शकतात. ५ मिलिग्रॅम आणि ५० मिलिग्रॅम यांत फक्त एका शून्याचा फरक असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर चुकीची पेनकिलर गेली तर रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टरांनंतर आणि पेशंटच्या आधी ही चूक पकडू शकणारा शेवटचा माणूस फार्मासिस्ट असतो.

औषधांच्या याद्याही वेगवेगळ्या आहेत. शेड्युल एचमधली औषधं चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. काही अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं आणि सवय लागू शकणारी काही औषधं शेड्युल एच-१ मध्ये येतात. ती विकताना डॉक्टर, पेशंट, औषध आणि नग यांची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करून ते रजिस्टर ३ वर्षं जपावं लागतं. शेड्युल एक्सचे नियम त्याहून कडक आहेत. ही सगळी जबाबदारी ज्याच्या नावावर असते, तो म्हणजे दुकानाचा फार्मासिस्ट.

डी.फार्मला प्रवेश कसा मिळतो?

बारावी सायन्स पास हवं. फिजिक्स आणि केमिस्ट्री सक्तीचे, सोबत बायोलॉजी किंवा मॅथ्स. महाराष्ट्रात डी.फार्मचे प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत बारावीच्या मार्कांवर होतात, त्यासाठी सीईटी लागत नाही. चार वर्षांच्या बी.फार्मसाठी मात्र एमएचटी-सीईटी द्यावी लागते.

कोर्स २ वर्षांचा आहे आणि परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ म्हणजे एमएसबीटीई घेतं. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे पीसीआयने, २०२० मध्ये नवा अभ्यासक्रम आणला. पहिल्या वर्षात फार्मास्युटिक्स, औषधी रसायनशास्त्र, वनौषधींचं शास्त्र, शरीररचना आणि सोशल फार्मसी हे विषय आहेत. दुसऱ्या वर्षात फार्माकोलॉजी, कम्युनिटी फार्मसी, बायोकेमिस्ट्री, आजारानुसार औषधोपचार, हॉस्पिटल फार्मसी आणि फार्मसीचे कायदे शिकवले जातात. पेशंटशी बोलणं, औषध कसं घ्यायचं ते समजावून सांगणं यावर या अभ्यासक्रमात आधीपेक्षा जास्त भर आहे.

५०० तासांचं ट्रेनिंग गांभीर्याने घ्या

दोन वर्षं संपली म्हणजे कोर्स संपला असं नाही. त्यानंतर किमान ३ महिन्यांत मिळून किमान ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण असतं. ते हॉस्पिटलच्या किंवा मान्य औषध दुकानाच्या फार्मसीत करायचं असतं. त्यातले निम्मे, म्हणजे किमान २५० तास, प्रत्यक्ष चिठ्ठ्यांवरची औषधं देण्यात जायला हवेत.

बरेच विद्यार्थी ओळखीच्या मेडिकलमधून नुसती सही-शिक्का आणतात. हा शॉर्टकट पुढे महागात पडतो. डॉक्टरांचं अक्षर वाचणं, एकाच औषधाचे वेगवेगळे ब्रँड ओळखणं, फ्रिजमधलं इन्सुलिन कसं ठेवायचं, एक्स्पायरीचा माल स्टॉकिस्टकडे कधी परत पाठवायचा, बिलिंग सॉफ्टवेअर कसं चालवायचं, हे सगळं याच ५०० तासांत शिकायचं असतं. मुलाखतीत पहिला प्रश्न बहुतेक वेळा याच कामाबद्दल येतो.

एक्झिट परीक्षा म्हणजे काय?

आधी डी.फार्म पास झालं आणि ट्रेनिंग पूर्ण केलं की राज्य फार्मसी कौन्सिलकडे थेट नोंदणी व्हायची. २०२२ मध्ये पीसीआयने 'डिप्लोमा इन फार्मसी एक्झिट एक्झामिनेशन' ही नियमावली आणली. तिच्यानुसार डी.फार्म झाल्यावर आणखी एक परीक्षा पास केली तरच फार्मासिस्ट म्हणून नोंदणी करता येते. ही परीक्षा एनबीईएमएस घेतं. नीट-पीजी घेणारी हीच संस्था. तिच्या पहिल्या परीक्षेचं वेळापत्रक ऑक्टोबर २०२४ चं होतं.

परीक्षेत तीन पेपर असतात, प्रश्न बहुपर्यायी आणि भाषा इंग्रजी. प्रत्येक पेपरमध्ये किमान ५० टक्के मार्क हवेत. किती वेळा बसायचं यावर मर्यादा नाही.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षापासूनच इंग्रजी संज्ञांची सवय करून घेतलेली बरी. आणि आपल्या प्रवेशाच्या वर्षाला कोणता नियम लागू होतो, हे कॉलेजच्या तोंडी उत्तरावर न सोडता महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडून तपासून घ्यावं. डिप्लोमा हातात आहे पण नोंदणी नाही, अशा उमेदवाराला कायद्याच्या दृष्टीने फार्मासिस्ट म्हणून काम करता येत नाही.

कॉलेज निवडताना काय बघायचं?

महाराष्ट्रात मागच्या काही वर्षांत फार्मसी कॉलेजांची संख्या झपाट्याने वाढली. कोर्सला मागणी होती आणि इंजिनीअरिंगच्या जागा भरेनाशा झाल्यावर अनेक संस्था फार्मसीकडे वळल्या. ही वाढ रोखण्यासाठी पीसीआयने २०२०-२१ पासून ५ वर्षं नवीन कॉलेजांवर बंदी घालण्याचा निर्णय घेतला होता. तो कोर्टात टिकला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशी बंदी नुसत्या ठरावाने घालता येत नाही. त्यानंतर नव्या कॉलेजांचा मार्ग पुन्हा मोकळा झाला.

याचा विद्यार्थ्यांवर दोन प्रकारे परिणाम होतो. एक, प्रवेश सहज मिळतो. दोन, दरवर्षी बाहेर पडणाऱ्या डिप्लोमाधारकांची संख्या वाढते आणि सुरुवातीचा पगार खाली राहतो. म्हणून प्रवेश घेण्याआधी एवढं तरी बघा.

• कॉलेजला पीसीआयची मान्यता आहे का आणि ती तुमच्या प्रवेशाच्या वर्षासाठी आहे का, हे पीसीआयच्या वेबसाइटवर स्वतः बघा. जुन्या वर्षाचं पत्र दाखवलं तर ते चालणार नाही.

• लॅब, प्राध्यापक आणि नियमित तास आहेत का, हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा.

• ट्रेनिंगसाठी कॉलेजचा कुठल्या हॉस्पिटलशी संबंध आहे, हे विचारा.

• 'घरबसल्या डी.फार्म', 'हजेरी नको', 'परराज्यातून करून देतो' असं कुणी म्हणालं तर लांब राहा. डी.फार्म हा नियमित हजेरीचाच कोर्स आहे. नोंदणीच्या वेळी कौन्सिल कागदपत्रांची पडताळणी करतं आणि तिथे बनाव उघडा पडला की फी आणि वर्षं दोन्ही जातात.

नोकऱ्या कुठे आहेत?

औषध दुकानं आणि चेन फार्मसी. सगळ्यात जास्त नोकऱ्या इथेच आहेत. गल्लीतल्या मेडिकलपासून अपोलो, वेलनेस फॉरएव्हर यांसारख्या साखळी दुकानांपर्यंत प्रत्येक ठिकाणी फार्मासिस्ट लागतो. छोट्या दुकानात पगार कमी असतो, तासही जास्त. चेनमध्ये शिफ्ट ठरलेली असते, पीएफ मिळण्याची शक्यता जास्त असते आणि स्टोअर मॅनेजरपर्यंत जाता येतं.

हॉस्पिटल फार्मसी. वॉर्डला औषधं पुरवणं, आयसीयूचा स्टॉक, ऑपरेशन थिएटरचं सामान, भूल आणि वेदनाशामक औषधांचा हिशेब अशी कामं असतात. रात्रपाळी असते, पण शिकायला सर्वात जास्त इथेच मिळतं. मोठ्या हॉस्पिटलमध्ये बी.फार्म आणि फार्म.डी झालेल्यांशी स्पर्धा असते.

सरकारी नोकरी. जिल्हा परिषदेत 'औषध निर्माण अधिकारी' हे पद असतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधं देणारे ते हेच. २०२३ मध्ये राज्यातल्या जिल्हा परिषदांची १९,४६० पदांची मोठी भरती निघाली, त्यात हे पदही होतं. सातव्या वेतन आयोगात त्याची वेतनश्रेणी २९,२०० ते ९२,३०० आहे. रेल्वेच्या पॅरामेडिकल भरतीत 'फार्मासिस्ट' हे पद लेव्हल ५ मध्ये येतं, तिथेही मूळ वेतन २९,२०० पासून सुरू होतं. याशिवाय ईएसआयसी, महापालिका रुग्णालयं, एम्स आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी पदं आहेत. लष्करात 'सिपाही फार्मा' म्हणून भरती होते, तिथे वयाची अट १९ ते २५ आहे. अडचण एकच. जागा थोड्या, अर्ज प्रचंड आणि दोन भरत्यांमध्ये कधी कधी अनेक वर्षांचं अंतर. त्यामुळे फक्त सरकारी भरतीच्या भरवशावर बसणं धोक्याचं आहे.

औषध कंपन्या. पॅकिंग, स्टोअर, उत्पादन विभागात मदतनीस किंवा एमआर म्हणून काम मिळू शकतं. पण उत्पादनावर देखरेख करणाऱ्या तांत्रिक जबाबदारीच्या पदांसाठी आणि ड्रग इन्स्पेक्टर होण्यासाठी पदवी लागते. डी.फार्मवर ती दारं उघडत नाहीत.

ऑनलाइन फार्मसी. टाटा वन एमजी, फार्मईझी यांसारख्या कंपन्यांमध्ये चिठ्ठ्या तपासणं, गोदामात औषधांची खातरजमा करणं अशी कामं असतात. ती बहुतेक मोठ्या शहरांतच आहेत.

परदेश. अमेरिकेत फार्मासिस्ट व्हायला डी.फार्म अजिबात पुरत नाही. २००३ नंतर शिकलेल्यांसाठी तिथे किमान ५ वर्षांचं फार्मसी शिक्षण लागतं, म्हणजे चार वर्षांचं बी.फार्मसुद्धा कमी पडतं. म्हणूनच लग्नानंतर किंवा जोडीदाराच्या नोकरीमुळे तिकडे गेलेल्या भारतीय बी.फार्मधारकांना टेक्निशियनचं काम करावं लागू शकतं. त्याचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत. आखाती देशांत परवान्याची परीक्षा, आधीचा अनुभव आणि कागदपत्रांची पडताळणी लागते. एजंटला पैसे देण्याआधी त्या देशाच्या आरोग्य खात्याची अधिकृत वेबसाइट वाचावी.

स्वतःचं मेडिकल टाकलं तर?

किरकोळ विक्रीच्या लायसन्ससाठी किमान १० चौरस मीटर जागा, फ्रिज आणि नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. लायसन्स अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए देतं. होलसेल विक्रीसाठी फार्मासिस्टच हवा असं नाही, तिथे अनुभव असलेली इतर पात्र व्यक्तीही चालते.

आता पैशांचं गणित. सरकारने कमाल किंमत ठरवून दिलेल्या औषधांवर २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात किरकोळ विक्रेत्याचं मार्जिन १६ टक्के धरलं आहे. बाकीच्या औषधांवर ते थोडं जास्त असतं. समजा दुकानाची रोजची विक्री १० हजार, म्हणजे महिन्याला ३ लाख. १६ टक्क्यांच्या हिशेबाने, कर बाजूला ठेवून, त्यातले साधारण ४१ हजार दुकानदाराचे. यातून भाडं, लाइट बिल, मदतनिसाचा पगार, कर्जाचा हप्ता आणि परत न गेलेला एक्स्पायरीचा माल वजा होतो.

आणि समोरच्या दुकानाने १० टक्के सूट लावली म्हणून तुम्हीही लावली, तर ३ लाखांवर ३० हजार तिथेच गेले. मोठी चेन हे सोसू शकते, कारण ती कंपनीकडून माल मोठ्या प्रमाणात घेते. नवीन दुकानाला ते जड जातं. त्यामुळे दुकान टाकायचंच असेल तर आधी दोन-तीन वर्षं दुसऱ्याच्या काउंटरवर काम करून खरेदी, उधारी आणि एक्स्पायरी समजून घेणं शहाणपणाचं.

जनऔषधी केंद्र हा दुसरा पर्याय. तिथे केंद्र चालवणाऱ्याला २० टक्के मार्जिन आणि खरेदीवर प्रोत्साहन रक्कम मिळते, फार्मासिस्ट मात्र लागतोच. जेनेरिक औषधांच्या किमतीच कमी असल्याने नफ्यासाठी गिऱ्हाईक जास्त लागतं, हेही लक्षात ठेवावं.

'सर्टिफिकेट भाड्याने' देण्यात एवढं काय बिघडतं?

हा प्रकार असा चालतो. दुकान एकाचं, पैसा त्याचा, पण त्याच्याकडे डी.फार्म नाही. मग तो एखाद्या फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर लावतो, लायसन्सवर त्याचं नाव घालतो आणि महिन्याला ठरावीक रक्कम देतो. फार्मासिस्ट दुकानात येतही नाही. औषधं देतो तो मालक किंवा दहावी झालेला मुलगा.

२०१२ च्या सुमारास महेश झगडे राज्याचे एफडीए आयुक्त असताना, दुकानात फार्मासिस्ट हजर आहे का याची मोठी तपासणी मोहीम झाली. औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी तिला जोरदार विरोध केला, दुकानं बंद ठेवण्यापर्यंत वेळ आली. फार्मासिस्टची हजेरी हा विषय केवढा मोठा आहे, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं.

यात सगळ्यात जास्त अडकतो तो सर्टिफिकेट देणारा. दुकानातून झोपेच्या गोळ्या किंवा गर्भपाताचं औषध चिठ्ठीशिवाय गेलं, एच-१ रजिस्टर कोरं सापडलं, तर पहिलं नाव लायसन्सवरच्या फार्मासिस्टचं निघतं. फार्मसी कायद्याच्या कलम ३६ नुसार गैरवर्तनासाठी फार्मासिस्टचं नाव नोंदवहीतून काढून टाकता येतं. नाव गेलं की दुकानही गेलं, हॉस्पिटलची नोकरीही गेली आणि सरकारी भरतीही. शिवाय एका दुकानावर नाव असताना दुसरीकडे खरी नोकरी धरताना अडचण येते, आणि इतकी वर्षं काउंटरवर न उभं राहिल्याने अनुभवाच्या नावाने हातात काहीच नसतं.

दुसरा तोटा सगळ्याच फार्मासिस्टचा होतो. भाड्याचं सर्टिफिकेट स्वस्तात मिळतं, तोवर मालक पूर्ण पगारावर फार्मासिस्ट ठेवत नाही. 'मेडिकलमध्ये पगारच कमी' अशी तक्रार सगळे करतात. तो कमी राहण्यामागे हे एक मोठं कारण आहे.

डी.फार्मनंतर पुढे काय?

डी.फार्म झाल्यावर बी.फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. पदवी झाली की कंपन्यांमधली आणि ड्रग इन्स्पेक्टरसारखी पदं खुली होतात. दोन्ही मिळून पाच वर्षं लागतात, पण दोन वर्षांनंतर नोंदणी हातात असल्याने शिकता शिकता कमावण्याची सोय राहते. ज्यांना हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांसोबत काम करायचं आहे, त्यांच्यासाठी भारतात २००८ पासून सहा वर्षांचा फार्म.डी कोर्स आहे. डी.फार्मधारकांना त्याच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेता येतो.

मग डी.फार्म करावं का?

काउंटरवर उभं राहायची तयारी असेल, लोकांशी बोलायला आवडत असेल, घरचं मेडिकल असेल किंवा पुढे बी.फार्म करायचं असेल, तर दोन वर्षांत कायद्याने मान्य केलेली ओळख देणारा हा कोर्स चांगला आहे. बारावी सायन्सनंतर इतक्या लवकर अशी नोंदणी देणारे कोर्स फार नाहीत.

पण बारावीला मार्क कमी पडले म्हणून, किंवा सर्टिफिकेट लावून बसून पैसे मिळतील म्हणून कुणी जात असेल, तर फी भरण्याआधी थांबलेलं बरं. एक सोपी गोष्ट करता येईल. प्रवेशाची मुदत संपण्याआधी ओळखीच्या मेडिकलमध्ये आठवडाभर संध्याकाळी ६ ते १० बसून बघा. गर्दी, घाईत वाचायच्या चिठ्ठ्या, उधारी मागणारे, "तीच गोळी द्या हो, चिठ्ठी नाही आणली" म्हणणारे लोक, सगळं दिसेल. ते बघूनही हे काम करावंसं वाटलं, तर मग पीसीआयच्या यादीत कॉलेजचं नाव शोधायला घ्या.